दिव्यावरील नक्षी : पोर्सेलिनचे झुंबर आणि आपला लामणदिवा



दिव्यावरील नक्षी हा इतिहासाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका कोणी घेईल. माझ्या मते तो होतो. कारण नक्षीतून त्या काळाची आवड जशी दिसते, तशीच त्याची गरजही दिसते.

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती आपणांस परिचित आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने ती इ. स. १२०४ मध्ये बांधविली. तिच्या मंडपाच्या छतातून खाली झुकलेले पाषाणकमळ पाहिले की झुंबराचीच आठवण व्हावी. त्याच्या ७२ पाकळ्या भूत, वर्तमान व भविष्य या तिन्ही काळांतील तीर्थंकरांच्या निदर्शक होत.

सुमारे साडेपाचशे वर्षांनंतर युरोपातही छताखाली फुले लोंबू लागली; ती मात्र पोर्सेलिनची होती. चीनने शतकानुशतके जपलेले हे गुह्य सॅक्सनीत उकलले आणि १७१० साली मायसेनचा कारखाना निघाला. त्या शतकात रोकोको शैलीचा बहर होता. शिंपल्याची कड, नागमोडी वेल, मुद्दाम मोडलेली समतोल मांडणी आणि चिनी आकृत्या ही तिची लक्षणे. फ्रान्समध्ये व्हॅन्सेनच्या कारखान्यात घडविलेली फुले सोनेरी मुलाम्याच्या धातूच्या देठांवर बसवून मेणबत्त्यांची झाडे सजवीत. नेपल्सजवळ पोर्तिचीच्या राजवाड्यात १७५७ ते १७५९ या काळात राणीसाठी भिंतींसह सारे दालनच पोर्सेलिनने मढविले गेले. त्यात झुंबरही त्याच घडणीचे. या नक्षीला निव्वळ चैन म्हणणे अपुरे ठरेल. मेणबत्तीचा क्षीण उजेड चकचकीत झिलईवर, मुलाम्यावर आणि आरशांत पडून दुणावत असे.

आपल्या लामणदिव्याची रीत निराळी. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील जोगेश्वरीचा दिवा पाहावा. साखळीला टांगलेल्या हत्तीच्या पोकळ अंगात तेल भरावयाचे आणि ते हळूहळू खालच्या तबकात उतरावयाचे. तेथे अलंकार उजेड परतवीत होता. येथे तो ज्योतीला तेल पुरवीत होता.

विजेने दोघांचेही काम संपविले. पोर्तिचीचे दालन पुढे कापोदिमोन्ते येथे हलविण्यात आले व आज ते संग्रहालयात सुरक्षित आहे. आपल्याकडचे पितळी दिवे मात्र मोडीत निघतात. तराजूत पितळेचे वजन होते, हंसाचे वा हत्तीचे होत नाही. म्हणून बेळगाव-निपाणी परिसरातील माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे : घरातील जुना दिवा विकण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, तो कोणत्या गावचा, कोणत्या प्रसंगी लागत असे, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. दिवा गेला तरी एवढी नोंद उरेल, आणि उद्याच्या इतिहासकाराला तीच साधन ठरेल.