पोकळीशिवायचा हिशेब

‘पोकळी रिकामी नसते, तिच्यात क्षणोक्षणी कण जन्मतात आणि मरतात’ असं एखाद्या व्हिडिओत तुम्ही ऐकलंच असेल. या विधानामागे एक मोजलेला आकडा आहे. आणि पोकळीला वगळूनही असा हिशेब मांडता येतो का, हे तपासण्यात ज्यांनी कित्येक वर्षं घातली, त्यांत एक मराठी नाव आहे : जयंत नारळीकर.

आधी आकडा. १९४७ साली कोलंबिया विद्यापीठात विलिस लॅम्ब आणि रॉबर्ट रेदरफोर्ड यांनी हायड्रोजनच्या अणूवर सूक्ष्मलहरी सोडल्या. डिरॅकच्या समीकरणानुसार ज्या दोन पातळ्यांची ऊर्जा तंतोतंत सारखी असायला हवी, त्यांच्यात सुमारे १०५८ मेगाहर्ट्झचा फरक निघाला. त्याचा उलगडा असा झाला : इलेक्ट्रॉन आभासी फोटॉन सोडतो आणि स्वतःच परत घेतो. शिवाय केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या आभासी जोड्यांचा पडदा असतो. त्यामुळे केंद्रकाचा विद्युतभार दुरून थोडा कमी जाणवतो, अगदी जवळून जास्त. हे पोकळीचं ध्रुवीकरण. एडविन युलिंग यांनी त्याचं गणित १९३५ सालीच केलं होतं. एकूण फरकात त्याचा वाटा उलट दिशेनं सुमारे २७ मेगाहर्ट्झ. वाटा छोटा आहे, पण तो धरला नाही तर गणित मोजमापाशी जुळत नाही.

अडचण एकच होती. इलेक्ट्रॉनची स्वतःवरची क्रिया मोजायला गेलं की उत्तर अनंत येई आणि ते युक्तीनं बाजूला काढावं लागे. रिचर्ड फाइनमन यांना हा स्वतःवरच्या क्रियेचा प्रकार विद्यार्थिदशेपासून खटकत होता. जॉन व्हीलर यांच्यासोबत १९४५ साली त्यांनी वेगळी मांडणी प्रसिद्ध केली : इलेक्ट्रॉन स्वतःवर क्रिया करत नाही, फक्त इतर भारांवर करतो. ही क्रिया अर्धी भविष्याकडे जाते, अर्धी भूतकाळाकडे. मग भूतकाळाकडे जाणारा भाग दिसत का नाही? कारण विश्वातलं पदार्थद्रव्य प्रकाश शोषून घेतं आणि त्याच्या प्रतिसादात तो भाग पुसला जातो. चांदूर बाजारच्या एखाद्या संत्राबागेत रात्री टॉर्च आकाशाकडे धरली, तर या मांडणीनुसार तिचा प्रकाश नेहमीसारखा बाहेर पडायला तो पुढे केव्हातरी, कुठेतरी शोषला जाणं आवश्यक आहे.

लॅम्बच्या मोजमापानंतर मात्र फाइनमन यांनीच ही वाट सोडली. १९५१ साली व्हीलर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हेच मोजमाप पुढे केलं : इलेक्ट्रॉनची स्वतःवरची क्रिया नाकारता येत नाही.

कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर तेव्हा शाळकरी वयाचे होते. पुढे केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्यासोबत त्यांनी ही सोडलेली वाट उचलली. प्रश्न असा, की विश्वाचा प्रतिसाद नेमका कोणत्या विश्वात बरोबर येतो? उत्तर निघालं : स्थिर स्थितीच्या विश्वात येतो, महास्फोटाच्या नेहमीच्या प्रारूपांत येत नाही. १९६३ साली कॉर्नेल विद्यापीठात काळाच्या स्वरूपावर परिषद झाली. तिथे नारळीकरांनी हे काम मांडलं, तेव्हा त्यांना पंचविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. श्रोत्यांत फाइनमन होते. परिषदेच्या छापील वृत्तांतात आपलं नाव येऊ नये असा त्यांचा आग्रह होता, म्हणून तिथे ते ‘मिस्टर एक्स’ आहेत.

खरी परीक्षा क्वांटमची होती. उत्तेजित अणू आपोआप खाली येऊन फोटॉन सोडतो, तेव्हा पाठ्यपुस्तकात अनेकदा त्याचं श्रेय पोकळीतल्या चढउतारांना दिलं जातं. १९६९ आणि १९७१ च्या शोधनिबंधांत हॉइल आणि नारळीकर यांनी ते श्रेय विश्वाच्या प्रतिसादाला दिलं आणि तरीही तोच दर काढून दाखवला. १९७२ साली नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, नंतर पुण्यात आयुका उभी केली, पण हा विषय त्यांनी सोडला नाही. १९९५ साली दोघांनी संपूर्ण कामाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांचा दावा होता, की विश्वाला भविष्यात क्षितिज असेल तर ती त्रासदायक अनंतंही टळतात.

ही वाट फार कुणी चालली नाही. १९६५ साली विश्वभर पसरलेलं सूक्ष्मलहरी प्रारण सापडलं आणि बहुतेकांनी स्थिर स्थितीचं विश्व सोडून दिलं. त्यातच नेहमीची क्वांटम विद्युतगतिकी मोजमापांशी जबरदस्त जुळत होती.

तरी या कामातून एक गोष्ट हाती लागते. प्रोग्रामचं आउटपुट बरोबर आलं म्हणून आतली व्हेरिएबल्स बाहेरच्या जगात सापडतील असं नसतं. वेगळ्या कोडमधूनही तेच आउटपुट येऊ शकतं. आभासी फोटॉन हे गणिताच्या मधल्या पायरीवरचं नाव आहे. ते कोणत्याही उपकरणात थेट टिपले जात नाहीत. कॅसिमिर बलाला तर पोकळीच्या ऊर्जेचा पुरावा मानतात, पण तेही भारांच्या आपसातल्या क्रियेतून काढता येतं, हे रॉबर्ट जॅफी यांनी २००५ साली दाखवलं.

२७ मेगाहर्ट्झचा वाटा कुणीही मांडणी केली तरी भरावाच लागेल. पण ‘पोकळीत कण उगवतात’ हे त्या वाट्याचं वर्णन आहे, मोजमाप नाही. तो व्हिडिओ पुन्हा समोर आला, तर हा फरक लक्षात ठेवून बघा.