तरंगाकार-अंतर्वेशन
तरंगाकार-अंतर्वेशन : काळानुसार बदलणाऱ्या विद्युत् दाबाचा वा प्रवाहाचा आलेख (तरंगाकार) मोजक्या बिंदूंनी दर्शवून मधली मूल्ये गणिताने काढण्याच्या रीतीस ही संज्ञा लावतात. विद्युत् मंडल प्रत्यक्ष बांधण्यापूर्वी त्याचे वर्तन संगणकावर अजमावताना (सदृशीकरणात) ती उपयोगी पडते. बिंदूंची निवड चुकल्यास प्रत्यक्षात नसलेली आंदोलने उत्तरात दिसतात किंवा असलेला क्षणिक स्पंद निसटतो. म्हणून बिंदू किती घ्यावेत, याइतकाच ते कोठे घ्यावेत हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पूर्वपीठिका : कोष्टकातील दोन मूल्यांमधील मूल्य काढण्याची गरज ज्योतिषशास्त्रात फार पूर्वीच भासली. ब्रह्मगुप्त यांनी खंडखाद्यक (६६५) या ग्रंथात १५ अंशांच्या अंतराने दिलेल्या ज्यामूल्यांसाठी द्वितीय क्रमाचे फरक वापरणारे सूत्र दिले. ते साध्या त्रैराशिकाहून अधिक अचूक होते. एडवर्ड वेअरिंग (१७७९) व जे. एल. लाग्रांझ (१७९५) यांच्या सूत्राने दिलेल्या सर्व बिंदूंतून जाणारी बहुपदी मिळते. बिंदू वाढविले की अचूकता वाढेलच, ही समजूत मात्र कार्ल रुंगे यांनी १९०१ मध्ये खोटी ठरविली. −१ ते १ या अंतरालात १/(१ + २५क्ष²) या फलनासाठी समान अंतरावरील बिंदू वाढवीत गेल्यास टोकांजवळील चूक वाढतच जाते. टोकांकडे बिंदू योग्य प्रकारे दाट ठेवल्यास हा दोष टळतो.

संदेशवहनाच्या क्षेत्रात हॅरी नायक्विस्ट (१९२८), व्ही. ए. कोटेल्निकोव्ह (१९३३) व क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या कार्यातून नमुना-सिद्धांत आकारास आला. संदेशातील कमाल कंप्रतेच्या दुपटीहून अधिक त्वरेने नमुने घेतल्यास मूळ तरंग पुन्हा मिळविता येतो. तथापि तीव्र कडा असलेल्या आदर्श चौकोनी तरंगातील कंप्रतांना वरची मर्यादा नसल्याने तेथे हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही.

मंडल-सदृशीकरण : कॅलिफोर्निया विद्यापीठात (बर्कली) एल. डब्ल्यू. नेगेल व डी. ओ. पेडरसन यांनी १९७३ मध्ये ‘स्पाइस’ हा संगणक-कार्यक्रम पुढे आणला. या परंपरेतील कार्यक्रमांत तरंगाकार काळ व मूल्य यांच्या जोड्यांनी देता येतो आणि लगतचे बिंदू सरळ रेषांनी जोडले जातात. एका आवर्तनात समान अंतरावर २० बिंदू घेतल्यास ज्या-तरंगाच्या शिखराजवळील चूक परमप्रसराच्या सु. १·२ टक्के असू शकते. ४० बिंदू घेतल्यास ती सु. ०·३ टक्के होते. म्हणजे अंतर निम्मे केल्यास चूक चौथाई होते. सपाट भागात मात्र दोनच बिंदू पुरतात. मूळ रेषेपासून सर्वांत दूर जाणारा बिंदू राखून बाकीचे गाळण्याची डग्लस व पॉयकर यांची रीत (१९७३) नकाशांवरील रेषांसाठी होती. तिचे तत्त्व येथेही लागू पडते.

सरळ रेषांच्या सांध्यावर उतार एकदम बदलतो. धारित्रातील प्रवाह दाबबदलाच्या त्वरेवर अवलंबून असल्याने तेथे प्रवाहाला कृत्रिम उडी बसते. म्हणून अशा कोपऱ्यांवर गणनेचा एक क्षण मुद्दाम ठेवतात. एरवी लांब कालपद घेताना अरुंद स्पंद ओलांडला जाण्याचा धोका असतो. मोजमापातील गोंगाटाचे बिंदू तसेच घेतल्यास उतार काढताना गोंगाट वाढतो. म्हणून ते आधी गुळगुळीत करून घ्यावे लागतात.

सरळ रेषांऐवजी त्रिघाती वक्र वापरल्यास उतार अखंड राहतो, परंतु तीव्र चढाच्या आजूबाजूस वक्र मूळ मूल्यांच्या वर किंवा खाली जाऊ शकतो. ट्रँझिस्टराच्या दाब-प्रवाह कोष्टकात अशा वक्रामुळे खोटा ऋण रोध उद्भवून गणना उत्तराकडे न जाण्याची शक्यता असते. एफ्. एन्. फ्रिट्श व आर्. ई. कार्लसन यांनी १९८० मध्ये बिंदूंचा सतत चढ वा उतार कायम राखणारी त्रिघाती रीत मांडली. तिने ही अडचण दूर होते. १९९३ मध्ये पुढे आलेल्या ‘आयबिस’ या मानकात संकलित मंडलाची अंतर्रचना उघड न करता त्याच्या अग्रांचे वर्तन कोष्टकांनी देण्याची सोय झाली. त्यामुळे अनेक वेळा मंडलाविषयी अभिकल्पकाच्या हाती असलेली माहिती म्हणजे निवडलेले हे बिंदूच असतात.