सलाबाईचा हुकूम

१९२२ सालच्या सुरुवातीला पालघरच्या किनाऱ्यावर देवीची साथ आली. मांगेला कोळ्यांच्या वस्त्यांत साथीच्या दिवसांत जे नेहमी व्हायचं तेच सुरू झालं. देवीला शांत करण्यासाठी लोक जमू लागले, काहींच्या अंगात येऊ लागलं. पण यंदाच्या देवीचं मागणं कोंबड्या-बकऱ्यावर भागण्यासारखं नव्हतं. ताडी सोडा, दारू सोडा आणि मासे खाणंही सोडा, असा तिचा हुकूम होता. ज्यांचं पोट दर्यावर, त्यांनीच मासा सोडायचा! आणि लोकांनी तो हुकूम मानला.

साथ किनाऱ्यावरच राहिली, हुकूम मात्र चालू लागला. ठाणे जिल्ह्यातून तो घाटाच्या दिशेने सरकला, नाशिककडच्या डोंगराळ मुलखात आणि सुरगाण्यात शिरला, डांगच्या जंगलात पसरला आणि पावसाळा संपता संपता उतरून सुरत जिल्ह्यात आणि बडोदा संस्थानच्या आदिवासी तालुक्यांत पोहोचला. कोकणा, धोडिया, चौधरी, गामित अशा जमातींमधून ही देवी फिरली. वाटेत देवीच्या रोगाशी तिचा संबंध जवळजवळ पुसला गेला आणि तिला नाव मिळालं, सलाबाई. पूर्वेच्या डोंगरातून ती आली आहे, असं गुजरातेतले लोक सांगत.

ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या घटनेवर १९८७ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यासाठी ते या भागातल्या गावोगावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटले. त्यांच्या पुस्तकात ९ नोव्हेंबर १९२२ या दिवसाचं वर्णन येतं. खानपूर नावाच्या गावाबाहेर आजूबाजूच्या गावांतले सुमारे दोन हजार आदिवासी जमले होते. डहाळ्यांचा मांडव घातला होता. त्यात बसलेल्या भगतांच्या हातात लाल कापड होतं. ते माना घुमवू लागले, अंगात आलं आणि त्यांच्या तोंडून सलाबाई बोलू लागली. दारू पिऊ नका, ताडी पिऊ नका. मांसमच्छी खाऊ नका. स्वच्छ राहा. पुरुषांनी दिवसातून दोनदा आंघोळ करावी, बायकांनी तीनदा. आणि पारशांशी कसलाही व्यवहार ठेवू नका. हे ऐकून झाल्यावर देवीचा वेश केलेल्या एका मुलीपुढे लोकांनी पैसे ठेवले आणि सगळे एका पंगतीला जेवायला बसले.

दिवाळी होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. गुजरातेतल्या पंचांगानुसार विक्रम संवत १९७९ चा हा पहिलाच महिना. नव्या वर्षात जुन्या सवयी सोडायच्या, हा बेत व्यापाऱ्यांच्या नव्या वह्यांइतकाच जुना असेल, पण तो एवढ्या मोठ्या प्रमाणावर आणि एवढ्या झटपट अमलात आल्याची उदाहरणं फार नाहीत. पाहता पाहता गावंच्या गावं दारू सोडून बसली. लोकांनी कोंबड्या-बकऱ्या विकून टाकल्या. गुत्ते ओस पडले.

आदेशांच्या यादीतला पारशांविषयीचा भाग आज वाचताना खटकतो. जातिद्वेष म्हणून तो बाजूला सारण्याआधी आबकारीचा इतिहास पाहायला हवा. मोहाची फुलं उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात. ती पहाटे वेचायची, वाळवायची, मडक्यात आंबवायची आणि घरामागे भट्टी लावायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. बाळ जन्मलं, लग्न ठरलं, माणूस गेला, शेतात पीक उभं राहिलं, प्रत्येक वेळी आधी देवाला आणि पूर्वजांना थोडी दारू सांडायची, मग आपण घ्यायची. ताडी तर उन्हाळ्यातल्या उपाशी दिवसांत कित्येक घरांचा आधार होती. तेव्हा आदिवासी कमी पीत होते, असा भाबडा दावा करण्यात अर्थ नाही. पण ही दारू घरची होती, तिला रोकड लागत नव्हती.

१८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने हे चित्र पालटलं. घरची भट्टी हा गुन्हा ठरला. दारू गाळायची ती सरकारच्या देखरेखीखालच्या मोठ्या कारखान्यात आणि विकायची ती मक्ता घेतलेल्या दुकानदाराने. ताडाच्या झाडाला चीर द्यायची तर झाडागणिक कर. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा आला आणि नुसती फुलं बाळगण्यावरही निर्बंध बसले. सरकारचा हिशेब साधा होता. मुंबई इलाख्याच्या तिजोरीत जमीन महसुलाच्या खालोखाल भर पडायची ती आबकारीची. दक्षिण गुजरातेत मक्ते बहुतेक पारशांकडे होते. दुकानदार उधारीवर पाजत असे, उधारी फुगली की जमीन लिहून घेत असे आणि मग त्याच जमिनीवर त्याच माणसाला मजूर म्हणून राबवत असे. मजुरीचा काही भाग पुन्हा दारूतच. गुत्तेवाला, सावकार आणि जमीनदार या तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे आल्या, की व्यसन हा ज्याचा-त्याचा खासगी प्रश्न उरत नाही.

सुधारकांना हे दिसत नव्हतं असं नाही. जोतीराव फुल्यांनी १८८० मध्येच पुण्यात दारूची दुकानं वाढवण्याला नगरपालिकेकडे लेखी विरोध केला होता. १९०८ मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यातले स्वयंसेवक गुत्त्यांसमोर निरोधनाला उभे राहिले आणि सरकारने त्यांच्यावर खटले भरले. पण ही शहरी, शिकल्यासवरल्या माणसांची चळवळ होती आणि तिच्या बोलण्यात पिणाऱ्याला शहाणं करण्याचा सूर असायचा. सलाबाईच्या मांडवात शहाणं करणारं बाहेरचं कुणीच नव्हतं. भगत गावातलाच, ऐकणारे गावातले आणि देवीही त्यांचीच.

सगळी गंमत इथेच आहे. एकट्याने दारू सोडणाऱ्यापुढची खरी अडचण जिभेची नसते, ती चारचौघांत असते. लग्नात काय करायचं? मर्तिकाला गेल्यावर पुढे आलेला पेला कसा नाकारायचा? पाहुणा घरी आला तर त्याच्यापुढे काय ठेवायचं? एकतीस डिसेंबरच्या रात्री केलेले निश्चय संक्रांतीपर्यंत टिकत नाहीत, त्याचं अर्धं कारण हेच असावं. १९२२ मध्ये अख्ख्या गावाने एका दिवसात सोडली, म्हणून हे प्रश्नच उरले नाहीत. वर हुकूम देवीचा. तो मोडला तर संकट एकट्यावर नाही, गावावर. त्यामुळे मोहात पडणाऱ्यावर शेजाऱ्यांची नजर असे.

आणखी एक बाजू आहे. रोजची आंघोळ, मांसमच्छी वर्ज्य, दारूला शिवायचं नाही, ही सगळी ब्राह्मण-वाण्यांची प्रतिष्ठेची लक्षणं. म्हणून काही अभ्यासकांना या चळवळीत उच्चवर्णीयांची नक्कलच दिसेल. हार्डिमन यांना ती नक्कल वाटत नाही. ज्या गुणांच्या जोरावर वरचे लोक आम्हाला हलकं लेखतात, ते गुण आम्हीही घेतो आणि बरोबरीने उभे राहतो, असा त्यांनी लावलेला अर्थ. तो पटण्यासारखा आहे, कारण आंघोळीच्या नियमाला जोडूनच पारशांकडची कामं नाकारण्याचा नियम होता. नुसत्या नकलेत संप बसत नाही.

जमीनदारांनाही हे नेमकं कळलं. आदिवासींना धरून बळेच दारू पाजल्याच्या तक्रारी झाल्या. अधिकाऱ्यांकडे अर्ज गेले, आबकारीचं उत्पन्न घटल्याची ओरड झाली.

तेवढ्यात देवीच्या तोंडी एक नवं नाव येऊ लागलं. गांधीबाबाची शपथ घ्या, खादी वापरा, असे आदेश निघू लागले. विहिरीत डोकावलं तर आत गांधी चरखा चालवताना दिसतात, अशी वदंता उठली आणि लोक विहिरींवर गर्दी करू लागले. खुद्द गांधी त्या वेळी पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात होते. मार्च १९२२ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. काँग्रेसचे कार्यकर्ते देवीच्या मागोमाग आले. १९२३ पासून या भागात ‘काळीपरज’ परिषदा भरू लागल्या. सवर्ण स्वतःला उजळीपरज म्हणवत, आदिवासींना काळीपरज. पुढे ते बदलून ‘रानीपरज’ असं नाव रूढ झालं. जानेवारी १९२५ मध्ये वेडछीच्या परिषदेला गांधी स्वतः गेले. तिथल्या आश्रमाचं काम जुगतराम दवे यांनी पुढे कित्येक वर्षं चालवलं.

देवीचा जोर मात्र ओसरला होता. डांगमध्ये काही महिन्यांतच जुनं खाणंपिणं परतलं. किनाऱ्यावर मासे ताटात परत आले, हे सांगायलाही नको. दक्षिण गुजरातेत समाजाचे दोन तट पडले. ज्यांनी देवीचा शब्द पाळला ते ‘वर्जेला’, जे दारू-मांसाकडे वळले ते ‘सर्जेला’. एकाच जमातीत, कधी एकाच भावकीत ही फूट पडली. एकाने न पिता राहायचं आणि दुसऱ्याने प्यायचं, तर देवकार्य एकत्र करायचं कसं? सगळ्यांनी मिळून सोडण्यात जे बळ होतं, तेच काहींनी पुन्हा धरल्यावर भांडणाचं कारण झालं. वर्जेला टिकले ते मुख्यतः चौधरींमध्ये, जिथे आश्रम, सूतकताई आणि सभा यांनी देवीची जागा घेतली.

पुढे सरकारनेच हुकूम काढायला सुरुवात केली. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. ती आणणारे आबकारीमंत्री डॉ. गिल्डर हे पारशी होते आणि त्यांना सर्वांत कडवा विरोध झाला तो त्यांच्याच समाजातून. १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा झाला. १९६० मध्ये राज्य दुभंगलं तेव्हा हा एकच कायदा दोन्हीकडे वारशाने आला आणि दोघांनी त्याचं वेगवेगळं केलं. गुजरातने बंदी ठेवली. महाराष्ट्राने कायद्याचं ‘दारूबंदी’ हे नाव तेवढं ठेवलं, परवाने देऊन दुकानं उघडली. गंभीरपणे बंदी झाली ती इथे जिल्ह्यापुरती. गडचिरोलीत १९९३ पासून ती आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली.

सलाबाई ज्या वाटेने गेली ती वाट आता दोन राज्यांत विभागली आहे आणि वाटेच्या पश्चिमेला, समुद्राकाठी, दमण आहे, जिथे दारूवर बंदी नाही. दरवर्षी एकतीस डिसेंबरला वलसाड जिल्ह्याचे पोलीस दमणहून परतणाऱ्या गाड्या अडवून लोकांना तोंडाने फुंकायला लावतात. नव्या वर्षाची पहिली रात्र त्यांतल्या पुष्कळांची पोलीस ठाण्यात जाते. जामीन दुसऱ्या दिवशी होतो.