आरिस्टॉटलचा मासा

आमच्या घरच्या कांचेच्या टांकींत गेल्या श्रावणांत एंजलफिशच्या जोडप्यानें एका रुंद पानावर अंडीं घातलीं. हे मासे मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यांतले. नर व मादी आळीपाळीनें परांनीं पाणी हालवून अंड्यांस वारा घालीत, बुरशी आलेलीं अंडीं वेंचून काढीत, आणि दोनअडीच दिवसांनीं पिलें बाहेर पडल्यावर त्यांस तोंडांत धरून दुसऱ्या पानावर नेऊन ठेवीत. (पहिल्या खेपेस ह्याच आईबापांनीं सगळीं अंडीं गट्ट केलीं होतीं, हेंही सांगितलें पाहिजे.) आमचे एक विद्वान स्नेही हें पाहून म्हणाले, "हें कांचेंतलें नाटक! नदींत कोण पाहावयास गेलें आहे?" नदींत पाहणारे फार पूर्वीं होऊन गेले. त्यांचीच ही हकीकत.

आरिस्टॉटल (इ. स. पूर्व ३८४-३२२) यानें आपल्या प्राणिविषयक ग्रंथांत 'ग्लॅनिस' नांवाच्या, नदींत राहणाऱ्या माशाचें वर्णन केलें आहे. मादी अंडीं घालून निघून जाते. नर मात्र चाळीस-पन्नास दिवस तेथेंच पहारा करितो, आणि लहान मासे पिलांवर आले कीं उसळी मारून व एक प्रकारचा आवाज काढून त्यांस हांकून लावितो. कोळ्यांस हें पक्कें ठाऊक असे. अंडीं ज्या मुळांस चिकटलेलीं असत तीं मुळेंच ते उथळ पाण्यांत ओढून आणीत. बाप मागोमाग येई व गळास लागे. गळाचा अनुभव घेतलेला नरदेखील पिलांस सोडून जात नसे. तो गळच दांतांनीं फोडून टाकी!

पुढील कित्येक पंडितांस ही कथा भाकड वाटली. मध्य युरोपांतील जो मिशाळ मासा त्यांच्या परिचयाचा होता, त्याची अशी ख्याति नव्हती. तेव्हां चूक आरिस्टॉटलची, किंवा त्यास थाप मारणाऱ्या कोळ्यांची. मग १८५६ च्या सुमारास हार्वर्ड येथील अध्यापक लुई आगासी यांच्या हातीं ग्रीसमधील ॲकेलूस नदींतले मासे आले. युरोपांतील माशास सहा मिशा, ह्यास चारच. जातच निराळी! १८९० सालीं गार्मन यांनीं तिचें शास्त्रोक्त वर्णन प्रसिद्ध केलें व तीस आरिस्टॉटलचें नांव कायम झालें. खरी गंमत पुढेंच आहे. मध्य युरोपांतील तो नरही अंडीं फुटेपर्यंत घरट्याची राखण करितो, असें आतां ठाऊक झालें आहे. म्हणजे पंडितांनीं आपल्या दारचाच मासा नीट पाहिला नव्हता. आम्हीही जन्मभर पुस्तकांवरूनच शिकवीत आलों, तेव्हां हा टोला आम्हांसही लागतोच.

आगासी १८६५ सालीं स्वतः ॲमेझॉनवर गेले. तेथें एंजलफिशच्याच कुळांतील एका माशाच्या तोंडांत त्यांस अंडीं आढळलीं. त्या माशानें आपलें तोंडच घरटें केलें होतें. हें ऐकल्यावर आमच्या स्नेह्यांनीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. खुर्ची तेवढी टांकीजवळ ओढून घेतली.