अनोळखी माणसाशी सौदा : बिदर-कलबुर्गी परिसरातील व्यापारी विश्वासाचा इतिहास

इ. स. १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला आला. घोडा त्याला, त्याच्याच हिशेबाप्रमाणे, १०० रूबलना पडला होता. या मुलखात त्याचे ना नाते होते, ना गोते. जुन्नरला तेथील अधिकारी असदखान याने घोडा काढून घेतला व धर्मांतराची अट घातली. खोरासानच्या ख्वाजा मुहम्मदने रदबदली केली, तेव्हा घोडा परत मिळाला. पुढे वर्षभर पोसून निकितिनने तो नाताळच्या सुमारास बिदरला विकला.

किमती वस्तू एका अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसाला विकायची, हा प्रश्न आज मोबाइल आणि इंटरनेटमुळे घरोघरी आला आहे. तो नवा आहे असे समजले जाते. परंतु बिदर व कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) या राजधान्यांच्या बाजारांत तो रोजचाच होता. परक्यावर विश्वास ठेवण्यासाठी त्या काळी कोणत्या सोयी होत्या, त्या कोठे कमी पडल्या आणि त्यांतून आज काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आळंदचा बाजार

निकितिनने आपल्या टिपणांत बिदरपासून काही अंतरावरील एका वार्षिक बाजाराची नोंद केली आहे. शेख अलाउद्दीन यांच्या स्मरणार्थ भरणारा हा बाजार १० दिवस चाले, त्यात देशोदेशीचे व्यापारी येत आणि २०,००० पर्यंत घोडे विक्रीस येत, असे तो लिहितो. आकडा ऐकीव असू शकेल. पण हे ठिकाण म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद होय, असे अभ्यासक मानतात. तेथे लाडले मशायख या नावाने प्रसिद्ध असलेल्या शेख अलाउद्दीन अन्सारी यांचा दर्गाह आहे.

असा बाजार परक्या माणसाच्या सोयीचा असतो. जागा ठरलेली, दिवस ठरलेले, माणसांची गर्दी आणि दर्ग्याची आब. विकणारा दुसऱ्या दिवशीही तेथेच सापडतो. घोड्याचे दात, खूर आणि चाल गिऱ्हाईक स्वतः पाहतो. आपल्याकडील गुरांच्या बाजारांत दलाल व गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवतात, ही रीतही येथे लक्षात घेण्यासारखी आहे. तीत भाव झाकलेला असला तरी जनावर चारचौघांसमोर उभे असते.

निकितिनची एक तक्रारही बोलकी आहे. आपल्या देशात खपणारा माल हिंदुस्थानात भरपूर मिळतो, असे त्याला काही व्यापाऱ्यांनी सांगितले होते. प्रत्यक्षात तसे काही आढळले नाही. केवळ ऐकीव माहितीवर एवढा प्रवास केल्याचा त्याचा पश्चात्ताप टिपणांत उमटला आहे. याउलट बिदरच्या परिसरातील हिंदू लोकांना त्याने आपला खरा धर्म आणि खरे नाव सांगितले. त्यानंतर त्यांनी खाणेपिणे, व्यापार, पूजा यांपैकी काही लपवले नाही, असे तो नमूद करतो. तोवर तो ख्वाजा युसुफ खोरासानी या नावाने वावरत होता. खरी ओळख दिली, तशी समोरूनही दारे उघडली.

सराफ आणि नाणे

सौद्यात वस्तूइतकाच पैसाही तपासावा लागतो. हे काम सराफाचे होते. ‘सराफ’ हा मूळचा अरबी शब्द. नाणी पारखून त्यांचा बदला करून देणारा, हा त्याचा अर्थ. बहमनी राज्याची राजधानी गुलबर्गा येथे असताना या व्यवसायावर एक मोठे संकट आले. फिरिश्ता सांगतो की, पहिल्या मुहम्मदशाहाच्या कारकिर्दीत (१३५८–१३७५) सराफ मंडळी शेजारच्या राजांच्या चिथावणीने बहमनी नाणी वितळवीत. सुलतानाच्या ताकिदी वाया गेल्या आणि १३६० साली त्याने सराफांच्या कत्तलीचा हुकूम दिला. त्यांची जागा उत्तरेकडून आलेल्या खत्री मंडळींनी घेतली. पुढे फिरोजशाहाच्या काळात (१३९७–१४२२) जुन्या सराफांच्या वंशजांना पुन्हा व्यवसायाची मुभा मिळाली.

फिरिश्ताने हे सुमारे अडीचशे वर्षांनंतर लिहिले असल्याने ते जपूनच वाचले पाहिजे. तरीही या हकिकतीतून एक गोष्ट दिसते. तलवारीच्या बळावर नाणे चालवता येते, पण नाणे पारखणाऱ्याशिवाय बाजार चालत नाही. म्हणूनच एका गटाला हटवल्यावर दुसरा आणावा लागला आणि अखेर पहिल्यालाही परत येऊ द्यावे लागले.

मोहर आणि मालक

बिदरचा थोर वजीर महमूद गवान हा स्वतः गीलानहून व्यापारी म्हणून आलेला. ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, हा किताब त्याला मिळाला होता. बिदरचा मदरसा त्याने १४७२ मध्ये उभारला. अशा माणसाचा अंत एका बनावट कागदाने झाला.

फिरिश्ताच्या वृत्तांतानुसार विरोधकांनी गवानची मोहर सांभाळणाऱ्या हबशी गुलामाशी दोस्ती केली आणि त्याला भेटी दिल्या. एके दिवशी तो नशेत असताना, हा एका मित्राच्या हिशेबाचा कागद आहे, असे सांगून त्यावर मोहर उठवून घेतली. त्याने कागद उघडून पाहिला नाही. त्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजाला उद्देशून फितुरीचे पत्र लिहिण्यात आले व ते तिसऱ्या मुहम्मदशाहापुढे ठेवण्यात आले. मोहर आपली आहे, पण पत्राची आपल्याला माहिती नाही, असे गवानने सांगितले. चौकशी झाली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

इतिहासाच्या वर्गात ही घटना दरबारी गटबाजीचा परिणाम म्हणून शिकवली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु ती ओळखीच्या चोरीचीही घटना आहे. मोहर खरी होती, मजकूर खोटा होता आणि दोन्ही ठिकाणी तपासणी चुकली. मोहर उठवणाऱ्याने कागद पाहिला नाही, आणि पाहणाऱ्याने मोहरेलाच पुरावा मानले.

लेखन, साक्ष आणि शहा

या चुका टाळण्याचे नियम त्या समाजाला ठाऊक नव्हते असे नाही. कुरआनातील सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे देणे लिहून ठेवण्याची व साक्षीदार घेण्याची आज्ञा आहे. हातोहात व्यवहारात लेखन नसले तरी चालेल, पण साक्ष असावी, असेही तेथे सांगितले आहे. पुढच्या आयतीत प्रवासात लिहिणारा न मिळाल्यास तारण घेण्याची मुभा आहे. मालात लपवलेला ऐब निघाल्यास सौदा मोडण्याचा हक्क फिकहने गिऱ्हाईकाला दिला आहे. मराठी व्यवहारात रुळलेले जामीन, दलाल, दस्तऐवज, हवाला, सही हे शब्द अरबी-फारसीतून आले आहेत. दोन भाषांचे लोक एकाच बाजारात वावरले, त्याची ही खूण आहे.

हुंडीच्या पद्धतीत हीच दृष्टी अधिक बारकाईने आलेली दिसते. दर्शनी हुंडीचे पैसे दाखवताच द्यायचे, मुदतीच्या हुंडीचे ठरल्या दिवशी. मूळ हुंडी हरवल्यास ‘पेठ’ आणि तीही हरवल्यास ‘परपेठ’ लिहून देत. यातील शहाजोग हुंडी विशेष महत्त्वाची आहे. तिची रक्कम वाटेल त्याला मिळत नसे. बाजारातील पत असलेल्या ‘शहा’मार्फतच ती घ्यावी लागे. हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येई. अनोळखी माणसाची ओळख पटवण्याचे काम जो करी, त्यालाच तिचा भुर्दंड सोसावा लागे. ख्वाजा मुहम्मद, आळंदचा दलाल, गुलबर्ग्याचा सराफ आणि हा शहा, चौघेही आपापल्या परीने सौद्यातील तिसरा माणूस होते.

आजचा सौदा

इंटरनेटवरील खरेदी-विक्रीत बहुतेक वेळा हा तिसराच गायब होतो. आजच्या फसवणुकीची रीत ठराविक आहे. जुना मोबाइल किंवा मोटारसायकल विकायला काढलेल्या मुलाला फोन येतो. पलीकडचा स्वतःला सैन्यातील जवान म्हणवतो, ओळखपत्राचे छायाचित्र पाठवतो, घासाघीस न करता भाव मान्य करतो आणि पैसे ‘जमा’ करण्यासाठी एक क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला सांगतो. यूपीआयमध्ये पैसे घेताना पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. ओळखपत्राचे छायाचित्र ही गवानची मोहर आणि पिन मागणारा तो कोरा कागद, हे विद्यार्थ्याला एकदा समजले की तो सहसा विसरणार नाही.

जुन्या सोयींचे नवे अवतार मात्र उपलब्ध आहेत, हेही सांगितले पाहिजे. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क सक्तीचा असलेल्या क्षेत्रात त्याशिवाय दागिना विकता येत नाही. हा क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर पडताळता येतो. हा आजचा सराफ. जुना मोबाइल घेताना त्याचा आयएमईआय क्रमांक २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’वर तपासता येतो. बिदरी कलाकुसरीला २००६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. जस्त व तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीचे जडावकाम आणि किल्ल्यातील मातीने आणलेला काळा रंग ही तिची ओळख. केवळ काळ्या रंगावर चंदेरी नक्षी काढलेली वस्तू बिदरी ठरत नाही. दूरच्या गिऱ्हाईकाने कारागिराचे नाव, पत्ता आणि लेखी पावती मागावी. प्रामाणिक कारागिराचेही त्यात हितच आहे.

समोरासमोर व्यवहार शक्य असेल तर तो दिवसाउजेडी, वर्दळीच्या जागी, सोबत कोणाला घेऊन करावा. हीच आळंदच्या बाजाराची रीत. तो शक्य नसेल तर माल हाती आल्यावर पैसे द्यावेत, किंवा जबाबदारी घेणाऱ्या मध्यस्थाकडे रक्कम अमानत ठेवावी. पलीकडच्याची घाई हीच पहिली शंका मानावी.

एवढे करूनही फसवणूक झाली, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी ते रोखता येण्याची शक्यता असते. उशीर झाला की ती मावळते. येथे शिक्षकाचे काम सुरू होते. फीचे पैसे गमावलेला विद्यार्थी अनेकदा वडिलांच्या धाकाने आणि मित्रांच्या हसण्याच्या भीतीने गप्प बसतो. तो आपल्या प्राध्यापकाला निःसंकोच सांगू शकेल, असे वातावरण महाविद्यालयात असेल, तर तो तिसरा माणूस त्याला मिळाला असे म्हणता येईल.

निष्कर्ष

या इतिहासातून असे दिसते की, परक्यावरील विश्वास हा केवळ सद्भावनेचा प्रश्न नाही. माणूस अनोळखी असला तरी व्यवहार ओळखीचा करता येतो. त्यासाठी पारखणारा, लिहिणारा, साक्ष देणारा आणि जबाबदारी घेणारा कोणीतरी लागतो. साक्षीदार मागणे म्हणजे समोरच्याचा अपमान, ही आपल्याकडील समजूत वर्गातूनच दूर झाली पाहिजे. गवानच्या मोहरेचा रखवालदार फितूर होता, असे फिरिश्ता म्हणत नाही. दोस्ताने पुढे केलेला कागद त्याने उघडून पाहिला नाही, एवढेच.