आरशांचें रान आणि कासवांची शिरगणती



सूर्याच्या उन्हापासून वीज करावयाची, तर वाळवंटासारखी जागा नाहीं, असें आपण सहज बोलून जातों. तेथें ऊन उदंड, आणि बिघडण्यासारखें आहेच काय, अशी आपली समजूत! अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत मोहावी नांवाचें वाळवंट आहे. तेथें ही समजूत कशी ढांसळत गेली, तें मी आज सांगणार आहें.

१९८२ सालीं तेथें ‘सोलर वन’ नांवाचें दहा मेगावॅटचें केंद्र सुरू झालें. मधोमध उंच मनोरा, भोंवतीं १,८१८ फिरते आरसे. आरशांनीं आपलें ऊन मनोऱ्याच्या माथ्यावर एकवटावयाचें, तेथें पाण्याची वाफ व्हावयाची आणि त्या वाफेनें यंत्र फिरावयाचें. मे १९८२ पासून वर्षभरांत पक्ष्यांच्या अभ्यासकांनीं या आवारांत चाळीस फेऱ्या केल्या. त्यांना २६ जातींचे ७० मृत पक्षी सांपडले. शेंकडा ८१ आरशांवर आपटून मेले होते. आरशांत आकाशच दिसतें, त्याला त्या बिचाऱ्यांनीं काय करावें? बाकीचे भाजून मेले. आरशांचें ऊन मनोऱ्यावर पाडावयाचें नसे, तेव्हां तें जवळच्या हवेंत एके ठिकाणीं रोखून ठेवीत. तेथून हे पक्षी उडाले होते. भोंवतालच्या पक्ष्यांच्या संख्येपुढें ही हानि अल्पच, असें अभ्यासकांनीं ठरविलें. तेवढ्या लहान केंद्रापुरतें तें रास्तहि होतें.

पण २०१० सालीं त्याच वाळवंटांत इव्हानपा येथें सुमारें साडेतीन हजार एकरांवर, तीन मनोऱ्यांच्या प्रचंड केंद्राचें काम सुरू झालें. ती जागा वाळवंटी कासवांची. या कासवांना १९९० पासून कायद्याचें संरक्षण आहे. आधीं पाहणी झाली, आणि ३८ कासवें हलविण्याची मुभा मिळाली. कुंपण घालून शोध सुरू होतांच त्याहून कितीतरी अधिक निघूं लागलीं! एप्रिल २०११ मध्यें सरकारनें केंद्राच्या मोठ्या भागावरील काम थांबविलें. नव्यानें अंदाज बांधून जूनमध्यें तें पुन्हा सुरू झालें.

पहिली मोजणी चुकली कशी? हा प्राणी आयुष्याचा बहुतेक काळ बिळांत काढतो, आणि पाऊस न झालेल्या वर्षीं तर क्वचितच वर येतो. मीं जन्मभर वर्गांत हजेरी घेतली. ‘हजर’ म्हणणारा मुलगा मोजणें सोपें. बाकाखालीं दडलेला मोजावयाचा कसा? पाहणी करणाऱ्यांना आळशी म्हणणें मला अन्यायाचें वाटतें. चूक झाली ती दिसलेल्या संख्येलाच खरी संख्या समजण्यांत. पुढें पुष्कळशा कासवांच्या पाठीवर लहान रेडिओयंत्रें बसविण्यांत आलीं. बिळांत असलें तरी कासव कोठें आहे हें कळूं लागलें.

पक्ष्यांची गोष्टहि अशीच. २०१४ सालीं सरकारी वन्यजीव प्रयोगशाळेनें तीन सौरकेंद्रांतून आलेले २३३ मृत पक्षी तपासले. ते ७१ जातींचे होते. इव्हानपाच्या कित्येकांचे पंख करपलेले होते. दुसरें केंद्र निव्वळ काळसर तावदानांचें. तेथें कांहीं भाजण्यासारखें नव्हतें. तरी तेथें टिबुकलीच्या जातीचे पाणपक्षी सांपडले! तावदानांचा चकाकता विस्तार त्यांना तळें भासत असावा, असा तर्क झाला. तर्क मोहक आहे. पण त्याला अजून भक्कम पुरावा हवा.

शिवाय, सांपडलेले म्हणजे मेलेले सगळे नव्हेत. डोमकावळे आणि कोल्हे आधीं येऊन जातात. म्हणून आतां तपासनिसांचीच परीक्षा घेतात. मृत पक्षी मोजून, त्यांच्या नकळत आवारांत ठेवतात. किती हुडकले जातात तें पाहतात, आणि त्या प्रमाणांत हानीचा आंकडा वाढवितात. वेगळे ठेवलेले पक्षी किती दिवस टिकतात, याचीहि नोंद होते. कांहीं तर दुसऱ्या सकाळींच नाहींसे झालेले असतात.