कार्ब्युरेटरयुक्त वाहन तापल्यावर स्लोमध्ये बंद पडणे

कार्ब्युरेटरयुक्त वाहन तापल्यावर स्लोमध्ये बंद पडणे हा पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मालमोटारी, जीप व मोटारगाड्यांत आढळणारा दोष आहे. इंजिन थंड असताना नीट सुरू होते आणि वेगातही सुरळीत चालते. मात्र पूर्ण तापल्यानंतर ॲक्सिलरेटरवरील पाय काढताच ते अडखळते व थांबते. भार नसताना इंजिन ज्या किमान गतीने फिरते, तिला कार्यशाळांच्या भाषेत ‘स्लो’ म्हणतात. या दोषाचे मूळ बहुधा हवा व पेट्रोल यांच्या मिश्रणात, तर काही वेळा ठिणगीत किंवा वॉल्व्हमध्ये असते. स्लोचा स्क्रू आवळून गती वाढवल्यास लक्षण झाकले जाते. कारण मात्र तसेच राहते.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्याच्या सुमारास महाराष्ट्रात मोटार उद्योगाचा पाया घातला गेला. १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने मुंबईतील कुर्ला येथे डॉज व फार्गो मालमोटारी तयार केल्या. महिंद्रा आणि महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. या काळातील अनेक वाहने पेट्रोलवर चालत. १९५४ मध्ये टाटा व डेमलर-बेंझ यांच्या सहकार्यातून डिझेल मालमोटारींचे उत्पादन सुरू झाले आणि पुढे मालवाहतुकीत डिझेलचे प्राबल्य निर्माण झाले. डिझेल इंजिनात कार्ब्युरेटर नसतो, त्यामुळे येथे वर्णिलेला दोष त्यात उद्भवत नाही. पेट्रोल जीप, हलक्या मालवाहू गाड्या व मोटारी यांत मात्र कार्ब्युरेटर दीर्घकाळ टिकून राहिला.

कार्यतत्त्व

स्लोमध्ये कार्ब्युरेटरची थ्रॉटल झडप जवळजवळ बंद असते. तिच्या खालच्या बाजूस तीव्र निर्वात निर्माण होतो, तर वरच्या बाजूस हवेचा वेग इतका कमी असतो की मुख्य जेटमधून पेट्रोल ओढले जात नाही. इंजिनाला लागणारे सर्व पेट्रोल पायलट जेट आणि मिश्रणाच्या स्क्रूखालील सूक्ष्म छिद्र यांतून येते. या अवस्थेत इंजिन फारच थोडी हवा घेत असल्यामुळे एखाद्या बारीक फटीतून शिरणारी जादा हवासुद्धा मिश्रण बिघडवण्यास पुरेशी ठरते. तीच फट वेगात असताना जाणवतही नाही.

थंड इंजिनात चोकमुळे मिश्रण समृद्ध, म्हणजे जास्त पेट्रोलचे, असते. त्यामुळे हवेची गळती किंवा अर्धवट बुजलेला जेट यांचा परिणाम झाकला जातो. इंजिन तापून चोक उघडला की हे आवरण दूर होते. याशिवाय उष्णतेने धातू प्रसरण पावतो, पेट्रोलची वाफ होऊ लागते आणि कॉइलच्या तारेचा विद्युतरोध वाढतो. म्हणूनच ‘फक्त तापल्यावर’ हे लक्षण निदानाचा सर्वांत उपयुक्त धागा मानले जाते.

कारणे

विरळ मिश्रण: कार्ब्युरेटरच्या बुडाचे किंवा इनटेक मॅनिफोल्डचे पॅकिंग खराब होणे, थ्रॉटलचा दांडा झिजणे, निर्वाताच्या रबरी नळ्या चिरणे आणि पायलट जेटमध्ये कचरा अडकणे.

समृद्ध मिश्रण: चोक पूर्ण न उघडणे, फ्लोटची पातळी वर असणे, सुईझडप गळणे आणि हवेचा फिल्टर तुंबणे.

पेट्रोल उकळणे: पेट्रोलमधील हलके घटक साधारण ३५ ते ४० अंश सेल्सियसपासूनच उकळू लागतात. तापलेली गाडी काही मिनिटे उभी राहिल्यास फ्लोटच्या वाटीतील पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये ठिबकते व मिश्रण अतिसमृद्ध होते. कार्ब्युरेटरखालील उष्णतारोधक जाड पॅकिंग काढून टाकलेले असल्यास हा त्रास वाढतो.

ठिणगी: कॉइल किंवा कंडेन्सर तापल्यावर निकामी होणे आणि पॉइंटची टाच झिजून फट कमी झाल्याने ठिणगी उशिरा पडणे.

वॉल्व्ह: एक्झॉस्ट वॉल्व्हची फट फार कमी असल्यास तो तापून लांबतो व पूर्ण मिटत नाही, त्यामुळे दाब गळतो. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र लागू झाले. कठीण धातूची बैठक नसलेल्या जुन्या इंजिनांत शिशाचे संरक्षण गेल्याने वॉल्व्हची बैठक झिजून ही फट कमी होऊ शकते.

निदानाचा क्रम

कार्ब्युरेटर उघडण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी केल्यास अनावश्यक खर्च टळतो.

१. बंद पडण्याची रीत पाहावी. इंजिन हेलकावे खात हळूहळू थांबत असेल तर मिश्रणाचा, आणि स्विच बंद केल्यासारखे एकदम थांबत असेल तर ठिणगीचा संशय घ्यावा. ज्या कार्ब्युरेटरवर स्लोचे पेट्रोल रोखणारी विद्युतझडप असते, त्यात तिची वायरही तपासावी.

२. चोकची परीक्षा करावी. इंजिन मंदावू लागताच चोक किंचित ओढावा. इंजिन सावरल्यास मिश्रण विरळ आहे. अधिकच अडखळल्यास ते समृद्ध आहे. या एका परीक्षेने शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

३. मिश्रण विरळ असल्यास निर्वाताच्या नळ्या एकेक करून चिमटीत दाबाव्यात आणि सांध्यांवर पाण्याचा हलका फवारा मारावा. ठिणगीच्या वायरींवर पाणी पडू देऊ नये. इंजिनाचा आवाज बदलला तर गळती त्या जागी आहे. यासाठी पेट्रोल शिंपडणे अत्यंत धोक्याचे असते.

४. मिश्रणाचा स्क्रू फिरवून पाहावा. त्याचा इंजिनावर काहीच परिणाम होत नसेल तर पायलट जेट बुजलेला असतो किंवा थ्रॉटल वाजवीपेक्षा जास्त उघडी ठेवलेली असते. जेट फुंकून किंवा द्रावणाने साफ करावा. तार घातल्यास पितळी छिद्र मोठे होते.

५. इंजिन बंद पडताच ठिणगी तपासावी. थंड झाल्यावर ती परत येत असेल तर कॉइल व कंडेन्सर बदलून पाहावेत.

६. वरील सर्व ठीक असल्यास उत्पादकाने दिलेल्या मापानुसार वॉल्व्हची फट व सिलिंडरमधील दाब मोजावा.

मिश्रण व स्लो यांची अंतिम जुळवणी दोष दूर झाल्यानंतर, इंजिन पूर्ण तापलेले असतानाच करावी.

स्थानिक परिस्थितीचा परिणाम

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. सुस्थितीतील इंजिन समुद्रसपाटीला स्लोमध्ये साधारण १७ ते २१ इंच पारा इतका निर्वात दाखवते. दर १,००० फुटांना हे मान सुमारे एक इंचाने घटते. त्यामुळे या शहरात ते जवळपास दोन इंच कमी येते. मापकावर १६ इंच दिसले म्हणून येथे इंजिन सदोष ठरवणे चूक होय. काटा स्थिर आहे की थरथरतो, हे अधिक महत्त्वाचे असते.

उन्हाळ्यात शहराचे तापमान ४० अंशांच्या आसपास पोहोचते. कन्नड-चाळीसगाव मार्गावरील औट्रम घाटासारखी चढण भरलेल्या गाडीने कमी वेगात पार करून लगेच थांबल्यास पेट्रोल उकळण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. पेट्रोलपंपावर ओले फडके टाकण्याचा उपाय अशा वेळी तात्पुरता उपयोगी पडतो. मात्र नळीतील वाफेमुळे इंजिन सहसा भाराखालीही दम तोडते. दोष केवळ स्लोमध्ये असल्यास वाफेला दोष देण्यापूर्वी हवेची गळती तपासणे इष्ट असते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ पट, तर इथेनॉलच्या ज्वलनास सुमारे ९ पट हवा लागते. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी हे प्रमाण सुमारे १३.५ होते. भारतात अशा पेट्रोलची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली. इंधन-इंजेक्शन असलेली आधुनिक वाहने संवेदकांच्या साहाय्याने मिश्रण सुधारून घेतात. कार्ब्युरेटरचा जेट मात्र ठरावीक मापाचा असतो. परिणामी पूर्वी काठावर असलेले स्लोचे मिश्रण आणखी विरळ होते. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व पॅकिंगही इथेनॉलमुळे खराब होऊ शकतात. म्हणून पूर्वी नीट चालणाऱ्या गाडीत हा दोष नव्याने दिसू लागल्यास या दोन्ही बाबी तपासाव्या लागतात.

सुरक्षितता

निर्वातावर चालणारा ब्रेक-साहाय्यक असलेल्या वाहनात इंजिन बंद पडल्यावर साठलेला निर्वात एक-दोन वेळा ब्रेक दाबेपर्यंतच पुरतो. त्यानंतर पेडल अतिशय जड होते. घाट उतरताना हे प्राणघातक ठरू शकते. त्यामुळे दोष दूर होईपर्यंत अशी गाडी भार भरून घाटात नेऊ नये. त्याच नळीत गळती असल्यास स्लो बिघडणे ही ब्रेकच्या बिघाडाची पूर्वसूचनाही असू शकते. तपासणी मोकळ्या हवेत करावी, कारण बंदिस्त जागेत धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरतो. हवेचा फिल्टर काढलेला असताना इंजिन उलटे फुटल्यास कार्ब्युरेटरमधून ज्वाळा बाहेर येते. म्हणून चेहरा दूर ठेवून अग्निशामक जवळ बाळगावा.

हे सुद्धा पहा

कार्ब्युरेटर
अंतर्ज्वलन इंजिन
इंधन-इंजेक्शन
इथेनॉल